बटणाखालचं कुंकू

आमचा गाण्याचा अ‍ॅम्प्लिफायर मधूनच अर्धा मुका व्हायचा. डाव्या बाजूचं गाणं जायचं, थापटलं की परत यायचं. मुलगा तपासायला आला की मात्र खणखणीत वाजायचा. "आई, मशीन ठीक आहे, तुझे कान गेलेत. भंगारात देऊन टाकू," म्हणायचा दिलीप.

दुखण्याचंही असंच असतं. ह्यांची छाती घरी दुखायची आणि डॉक्टरपुढं गप बसायची. हे गेले तेव्हा पोरं लहान होती. मी लोकांच्या पोळ्या लाटल्या. लाटताना हेच मशीन वाजत असायचं, म्हणून घरात कुणीतरी आहे असं वाटायचं.

काल ते दिलीपसमोरच मुकं झालं. मला बरंच वाटलं. त्यानं आवाजाचं बटण उपटलं, तर खाली वाळकं हळदकुंकू ठासून भरलेलं.

"आई! मशीनला सवाष्ण केलंस होय गं?"

"दसऱ्याला तुझे बाबा लावायचे. त्यांच्यामागं मी लावते. मला लावायचं बायकांनी सोडलं, मशीनला लावायला कोण अडवतंय?"

तो हसता हसता थांबला. कापसानं सगळं पुसून त्यानं बटण बसवलं. कितीतरी दिवसांनी दोन्हीकडून गाणं आलं, घर भरल्यासारखं झालं.

"मग आता दसऱ्याला बोट कुठं टेकवू?" मी विचारलं.

त्यानं माझं बोट धरून मशीनच्या पत्र्यावर, पार कोपऱ्यात ठेवलं.

"इथं लाव," म्हणाला. "भरपूर लाव."