जिवंत आजोबांचा निबंध

लेकीच्या कॉलेजच्या अर्जात मार्कांपेक्षा स्वतःबद्दलच्या निबंधाला जास्त महत्त्व आहे, असं समुपदेशकांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. मला ते तेव्हाच खटकलं. पाचशे शब्दांत कुणाला माणूस कसा कळणार? पण लेकीला तेच कॉलेज हवं होतं, म्हणून गप्प बसले.

त्यांनी तिला विचारलं, "आयुष्यात स्ट्रगल काय आहे?"

"तसा काही नाही, सर."

"घरात कोणी गेलंय?"

ती नाही म्हणाली. ते जरा हिरमुसले, असं मला वाटलं.

आठवड्याभरानं टेबलावर तिच्या निबंधाचा प्रिंट पडला होता. आजोबा गेल्यावर घर कसं सुनं झालं आणि त्या दुःखातून ती कशी उभी राहिली, असं सगळं त्यात होतं. माझे सासरे तेव्हा बाल्कनीत गवार मोडत बसले होते.

मी तडक समुपदेशकांकडे गेले. "अहो, आमच्या घरातला माणूस तुम्ही परस्पर मारलात?"

"मॅडम, आम्ही फक्त भाषा सुधारतो. मजकूर मुलांचा असतो."

माझा विश्वास बसला नाही. बाहेर विश्रांतवाडीहून आलेल्या एक बाई बसल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, आमच्या मुलीनं आजी गेल्याचं लिहिलंय. मी विचारलं, "कधी गेल्या?" त्या ओशाळून हसल्या. "आहेत ना. अमरावतीला."

घरी येऊन लेकीला फैलावर घेतलं. ती शांतपणे म्हणाली, "सरांनी नाही, मीच लिहिलं. आपल्या घरात सांगण्यासारखं काय झालंय, तूच सांग."

तेवढ्यात सासऱ्यांनी आत येऊन प्रिंट उचलला आणि चष्मा लावून उभ्या उभ्याच शेवटपर्यंत वाचला.

"मी तुला मांडीवर घेऊन गोष्टी कधी सांगितल्या?" त्यांनी विचारलं. "बाकी छान आहे. मी गेल्यावर इतकं रडशील, असं वाटलं नव्हतं."

लेक रडत खोलीत गेली. ते पुन्हा बाल्कनीत जाऊन बसले. जेवताना मात्र त्यांनी भाजी दुसऱ्यांदा घेतली नाही.

तिनं दुसरा निबंध लिहिला. आजोबांना ऐकू कमी येतं, मंडईत भाजीवाल्याचं बोलणं त्यांच्या कानाशी ओरडून सांगावं लागतं, लोक वळून बघतात तेव्हा लाज वाटते आणि मग त्या लाजेचीच लाज वाटते, असं तिनं लिहिलं होतं. वाचून माझ्या मनात पहिला विचार आला, हे तरी हिचं आहे ना? मोबाइलवर सगळं लिहून मिळतं हल्ली. मी तिच्या नकळत दोन वाक्यं इंटरनेटवर शोधूनसुद्धा पाहिली. काही सापडलं नाही. तेवढ्यानं समाधानही झालं नाही.

मुलाखतीच्या दिवशी मी कॉलेजच्या व्हरांड्यात थांबले होते. लेक बाहेर आली ती चिडलेलीच.

"काय विचारलं?"

"हे तू स्वतः लिहिलंस का, एवढंच. तीनदा. वर म्हणे, आजोबा खरंच आहेत का?"

"मग तू काय म्हणालीस?"

"फोन लावून देते म्हटलं. फक्त ओरडून बोलावं लागेल तुम्हाला."

"मग लावायला सांगितला का त्यांनी?"

"नाही. हसले सगळे."

रिक्षात ती बाहेर बघत होती. मग एकदम वळून म्हणाली, "आई, तुला तरी पटलंय ना, मी लिहिलंय ते?"

"हो गं," मी म्हणाले. जरा घाईनंच.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि इअरफोन कानात घातले.

पुढच्या महिन्यात प्रवेश मिळाल्याचं कळलं. निबंधामुळे मिळाला की मार्कांमुळे, ते कॉलेजनं कळवलं नाही. लेकीनंही निबंधाचा विषय माझ्याशी पुन्हा काढला नाही.