चार काटे आणि माझा सर्व्हर

आमच्या साखर कारखान्यातले किस्से काढले की एकाच्या पाठीवर दुसरा येऊन बसतो. त्यात सगळ्यात जास्त माझ्या प्रोग्रामचे. कॉम्प्युटर तेव्हा नवे आलेले आणि मी टायपिस्ट. सी भाषा पुस्तकावरून शिकले, कुणाच्या पाया पडून नाही. चारी वजनकाटे केबलने एका सर्व्हरला जोडलेले. त्यावरचा प्रोग्राम माझा.

*

दोन नंबरच्या काट्यावर भगवान क्लार्क. उसाची गाडी काट्यावर घ्यायची, कनेक्शन उघडायचं, मग निवांत तंबाखू मळायची आणि वजन नंतर पाठवायचं, ही त्याची रीत. तोवर माझा प्रोग्राम त्याचीच वाट बघत बसायचा आणि बाकीचे तिन्ही काटे गपगार!

रांग डांबरी रस्त्यापर्यंत गेली. ऊस वाळायला लागला. चेअरमन ऑफिसात आले. "बाई, पुन्हा रांग थांबली तर हे डबडं भंगारात आन् तुमी टायपिंगला."

"मी न्हाई जाणार," मी म्हटलं.

*

मग काट्याशी बोलायचं सॉकेट नॉनब्लॉकिंग केलं. म्हणजे काट्याला विचारायचं, आलं का वजन? नसलं तर अडून बसायचं नाही, पुढच्याला विचारायचं. पण मशीन दम न घेता इतकं विचारत सुटलं की कीबोर्डलाही दाद देईना.

भगवान म्हणाला, "मावशी, ह्याला तुमचा स्वभाव लागला."

सिलेक्ट घातलं, म्हणजे कुणीतरी बोलेपर्यंत गप बस. मशीन गप बसलं. भगवान नाही.

*

वजन तारेवरून तुकड्यांत येतं. शेवटचे आकडे वाटेत असतानाच प्रोग्रामनं पावती छापली. भरल्या गाडीचं वजन शेळीएवढं!

तोडकरी बाई पावती घेऊन दारात उभी. "अक्का, एवढा ऊस तर मी डोक्यावर आणला असता. बैलं कावून जुंपली?"

मी पावती फाडली. आलेले तुकडे साठवायला प्रत्येक काट्याला वेगळा बफर दिला. ओळ पुरी आल्याशिवाय छपाई नाही. नवी पावती हातात पडेपर्यंत ती दारातून हलली नाही.

*

दुरुस्त केलेल्या प्रोग्रामच्या चाचणीचा दिवस. चेअरमनची जीप आली की सगळ्यांनी हातातलं टाकून उभं राहायचं, हा कारखान्याचा रिवाज. जीप तीन नंबरच्या काट्यासमोर आडवी लागली. तिथला क्लार्क कनेक्शन उघडं टाकून हात जोडत बाहेर. चेअरमन सोबत आणलेल्या पाहुण्यांशी बोलत उभे.

बाकीच्या काट्यांवर पावत्या निघतच होत्या. गाड्या सरकत होत्या.

चेअरमन वळले. "मी इथं उभा हाय, आन् काटे चालूच?"

मी पुढं झाले.

"प्रोग्राम कुणासाठी थांबत न्हाई, साहेब."

"माझ्यासाठी बी?"

"तुमच्यासाठी बी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग ड्रायव्हरला म्हणाले, "जीप काढ रे. मागं गाड्या उभ्या हायेत."