ओल्या रंगावर बोलू नये

बाबा गेल्याचं कळलं तेव्हा माझं प्रॅक्टिकल चालू होतं. फोन बॅगेत होता आणि बॅग प्रयोगशाळेबाहेरच्या कट्ट्यावर. बाहेर येऊन पाहिलं तर एकाच अनोळखी नंबरवरून अकरा वेळा फोन येऊन गेलेला. लावला, तर एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज. "तू गजाननची मुलगी ना? प्रभात रोडला ये. रिक्षानं ये, बसची वाट बघत बसू नकोस." काय झालंय ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बाबा शिडीवरून पडले असतील, पाय मोडला असेल, असं मी रिक्षात स्वतःला सांगत होते. पाय मोडलेलाच असू दे, असं देवाकडे मागत होते...

ते पडले नव्हते. रंग देता देता छातीत कळ आली म्हणून पालथ्या बादलीवर बसले आणि त्यांनी भिंतीला पाठ टेकली. ती भिंत त्यांनीच थोड्या वेळापूर्वी रंगवली होती. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. शर्टाची पाठ रंगानं भरली होती, आणि भिंतीवर तेवढ्या जागेत त्यांच्या पाठीचा डाग उमटला होता.

माझे बाबा रंगारी होते. अशा माणसाबद्दल वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहितात का, मला माहीत नाही. मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच, त्यामुळे लिहायचं कसं हेही कुणाला विचारता येत नाही. बाबा वाशीमकडून पुण्यात आले तेव्हा इमारतींना बाहेरून रंग द्यायचे. पुढे जुन्या बंगल्यांच्या आतल्या कामाला लागले आणि तिथेच रमले. प्रभात रोड, भांडारकर रोडवरचे ऐंशी-नव्वद वर्षांचे दगडी बंगले. त्यांच्या भिंती चुन्याच्या. त्यांवर आजचा प्लास्टिकचा रंग चढवला की भिंतीचा श्वास कोंडतो, पोपडे धरतात, असं बाबा म्हणायचे. म्हणून ते चुन्यातच रंग कालवायचे. काम सुरू करायच्या आधी भिंतीवरच्या जुन्या तसबिरी उतरवायचे. तसबिरीमागे उन्हानं न विटलेला मूळ रंग सापडायचा. तो बघायचे आणि घरी येऊन आमच्या स्टीलच्या पेल्यात थोडा थोडा कालवत बसायचे. वारज्याच्या आमच्या खोलीत दरवाजामागच्या भिंतीवर त्याचा हातभर पट्टा ओढायचे. प्रत्येक बंगल्याचा एक पट्टा. पाहुण्यांना दिसत नाही, दरवाजा उघडला की झाकून जातो.

लहान असताना मी पट्टा ओढल्या ओढल्या म्हणायचे, "बाबा, हा किती गडद झाला!" ते म्हणायचे, "माय, ओल्या रंगावर बोलू नये. ओला रंग खोटं बोलते. उद्या पाहजो." दुसऱ्या दिवशी पट्टा वाळून उजळलेला असायचा आणि बाबा माझ्याकडे नुसते बघायचे.

ज्यांनी मला फोन केला, त्या प्रभात रोडच्या बंगल्यातल्या बाईंशीही त्यांचं हेच चालायचं. बाई निवृत्त शिक्षिका, वय ऐंशीच्या पुढे. एकदा मी डबा द्यायला गेले तेव्हा बाई खोलीच्या दारात उभ्या होत्या. "अहो गजानन, मी माझ्या लहानपणचा रंग मागितला होता. शेवाळ नव्हतं मागितलं."

"बाई, उद्या बोला."

"उद्या मी असेन याची हमी देता का?"

"रंगाची बी देतो आन् तुमची बी देतो."

दुसऱ्या दिवशी बाई खोलीत येऊन भिंतीवरून हात फिरवत म्हणाल्या, "ठीक आहे." बाबा घरी येऊन आईला सांगत होते, "पुण्यातलं 'ठीक आहे' म्हणजे आपल्याकडची मिरवणूक समज." ... हमी ज्यांनी दिली, तेच राहिले नाहीत.

आता जे लिहायला बसले आहे ते लिहिते. बाबांना जेमतेम सही यायची. मी अकरावीत असताना वही घेऊन त्यांच्यासमोर बसले होते, कोणत्या रंगात काय किती ग्रॅम ते सांगा म्हणून. तेव्हा ते हसले. "तुही आई वांग्यात मीठ ग्रॅमनं टाकते का?" पण या उन्हाळ्यात त्यांनी स्वतःहून विषय काढला. "माय, लिहून घे ना एकदा सगळं. मी विसरलो तर?" माझी परीक्षा होती. मी वर न बघता म्हटलं, "पेपर झाल्यावर." पेपर झाले, निकाल लागला, दुसरं वर्ष सुरू झालं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, मलाही आठवलं नाही.

तेराव्यानंतर बाईंचा फोन आला. दोन भिंती पुऱ्या झाल्या होत्या, तिसरी अर्धवट. "तो डाग बघत मला त्या खोलीत बसवत नाही," त्या म्हणाल्या, "आणि पुसायला सांगवतही नाही." त्यांच्या मुलानं दुसरी माणसं ठरवली होती. ती सोमवारी येऊन सगळ्या भिंती खरवडून प्लास्टिकचा रंग देणार होती. "तुझ्या वडलांनी कुठे लिहून ठेवलंय का? तोच रंग मिळाला तर उरलेलं पुरं करू. मुलाला मी बघून घेईन."

कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी शनिवारी बाबांची पिशवी घेऊन गेले. चुना, पिवडीची पिवळी माती, नीळ, डिंक. रंग राखाडीकडे झुकणारा हिरवा होता. पिवळा आणि निळा मिळून हिरवा, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. मी कालवला, डागाशेजारी पट्टा ओढला. पोपटी. निळीचं प्रमाण वाढवलं, कमी केलं, ओल्या फडक्यानं पुसलं, पुन्हा ओढला. बाई मागून म्हणाल्या, "अगं, वाळू तरी दे." हवा दमट होती, एक पट्टा वाळायला दिवस जाणार होता, आणि माझ्याकडे दोनच दिवस होते. मी ऐकलं नाही. जन्मभर ऐकलेली एकच गोष्ट मी त्या दिवशी ऐकली नाही. रविवारी संध्याकाळी भिंतीचा तो कोपरा चिखल झाला होता, आणि पुसता पुसता माझा हात घसरून फडकं डागाच्या खांद्यावरून फिरलं... बाबांचा खांदा मीच पुसून टाकला. बाई माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "जा घरी." सोमवारी भिंती खरवडल्या गेल्या. आता तिथे कंपनीचा कुठलासा नंबर असलेला रंग आहे. मी पुन्हा गेले नाही.

त्या रंगाचा एकच पट्टा आता जगात शिल्लक आहे, आमच्या दरवाजामागे. मी त्याच्याखाली रोज एक पट्टा ओढते. कुणाला त्याचा उपयोग नाही, मला कळतं. पण सकाळी उठल्यावर दुसरं काही करता येत नाही. कॉलेजचे तासही आठवडाभर बुडवले. पट्टा वाळतो आणि दर वेळी चुकलेला असतो.

काल आई मागे येऊन उभी राहिली. ती त्या बंगल्यात कधी गेलेली नाही. म्हणाली, "काहून व, काजळी नाही टाकत का तू? तुहे बाबा तर टाकत."

"काजळी?"

"निरांजनाची. मी धरून ठेवत होती ना त्याईच्यासाठी, कुंकवाच्या डबीत. डिंकाच्या पाण्यात घोटत अन् पिवडीत टाकत. या रंगात निळीले हातबी नव्हते लावत."

"आई, मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू इचारलं कुठं? तू त रंग कसा कराचा थे फोनमध्ये पाहत होती."

मी पेला खाली ठेवला. दोन दिवस त्या भिंतीशी झगडत होते तेव्हा उत्तर वारज्याच्या देवघरात होतं. कागदावर नाही म्हणजे कुठेच नाही, असं मी धरून चालले होते. आई माझ्याशेजारी येऊन बसली.

आज सकाळी तिनं डबी काढून दिली. तळाशी नखभर काजळी उरली होती. मी घोटली, पिवडीत घातली, बाबांच्या पेल्यातल्या चुन्यात कालवली आणि पट्टा ओढला. मग दरवाजा उघडा ठेवून तो झाकून टाकला आणि हे लिहायला बसले. तो अजून ओला असेल. मी बघणार नाही. उद्या बघेन.