ओल्या टॉवेलचा गडी

आमच्या खात्यातल्या बढतीच्या परीक्षेची माझी आणि माझ्या एका सहकाऱ्याचीही ती शेवटची संधी होती. दर रविवारी तो विट्याहून आणि मी आष्ट्याहून सांगलीच्या अभ्यासिकेत यायचो. मी सलग पाच तास बसायचो. तो फौजेतून आलेला; बरोबर पन्नास मिनिटांनी पुस्तक मिटायचा आणि टॉवेल भिजवून डोक्यावर घेऊन दहा मिनिटं भिंतीकडं बघत राहायचा. विहिरीवरच्या तापलेल्या मोटारीवर ओलं पोतं टाकतात, तसा.

शेवटच्या रविवारी पाचव्या तासाला मी सतरा आणि आठची बेरीज पंधरा लिहिली. त्यानं ती बघितली आणि न विचारता टॉवेल माझ्या डोक्यावर टाकला.

"मोटार जळली तर वायंडिंगला नेता येती. डोस्कं कुठं न्यायचं, गड्या?"

दहा मिनिटांत बेरीज जमली.

"परीक्षेत टॉवेल नेऊ देतील का?" मी विचारलं.

"डोस्कंच भिजवून जायचं."

परीक्षेला आम्ही दोघं निथळत बसलो. पर्यवेक्षकांनी खिडकीबाहेर पाहिलं. "पाऊस लागलाय का?"

तो ताडकन उभा राहिला. "न्हाई सायेब, तयारी करून आलोय."

दोघंही पास झालो. त्याला माझ्यापेक्षा चार गुण जास्त मिळाले आणि मला आठ दिवसांचं पडसं.