आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं

आमच्या गावाकडचे आमदार दोह्याला आले, तेव्हा मला इथल्या इस्पितळात नर्स म्हणून लागून चार वर्षं झाली होती. मराठी मंडळींनी शुक्रवारी सकाळी अल दुहैलच्या एका कंपाउंडमधल्या हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम ठेवला. स्वागत इंजिनिअर लोकांकडे, पोहे त्यांच्या बायकांकडे आणि आभारप्रदर्शन माझ्याकडे. बाकी सगळे पुण्या-नाशिकचे, त्यांच्या मतदारसंघातली अशी मी एकटीच.

आमदारांनी बॅग भरून कार्य अहवाल आणले होते. गुळगुळीत कागद, पानोपानी नारळ फोडतानाचे फोटो. मी मागच्या रांगेत बसून पानं उलटत होते आणि मध्येच थांबले. आमच्या गावचं आरोग्य उपकेंद्र! पिवळ्या रंगाची नवीकोरी इमारत आणि खाली छापलेलं, बाळंतपणाच्या सोयीसह काम पूर्ण.

माझी वहिनी तेव्हा सात महिन्यांची पोटुशी होती. आमचं गाव खाडीच्या एका काठाला, तालुक्याचं इस्पितळ दुसऱ्या. मध्ये होडी. ओहोटी लागली की होडी चिखलात रुतते, आणि रस्त्याने जायचं तर डोंगराला वळसा. म्हणून ठरलं होतं, नववा लागला की वहिनीने पलीकडे तिच्या मावशीकडे जाऊन राहायचं. पण आईचे गुडघे धरलेले, भात कापणीला आलेलं, आणि वहिनीचा पाय घरातून निघत नव्हता.

आमदार छान बोलले. रस्ते, नळयोजना, शाळेच्या खोल्या, आणि मग आमचं उपकेंद्र. "आपल्या भगिनींना आता खाडी ओलांडावी लागणार नाही," असं म्हणाले तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या पुणेकरांनी वाजवल्या, ज्यांनी आमची खाडी नकाशातही पाहिली नव्हती. माझ्या शेजारच्या मुलीने आईला इंग्रजीत विचारलं, हे अंकल कशाला आलेत? आई म्हणाली, "काय काय काम केलं ते सांगायला." मुलगी म्हणाली, मग ज्यांचं केलं त्यांना का नाही सांगत? आईने तिच्या हातात चकली दिली.

चहाच्या वेळी मी आमदारांना गाठलं. "साहेब, इमारत झाली, पण सिस्टर कधी येणार?"

"ऑर्डर निघालीय ताई. पुढच्या महिन्यात हजर, इन्शाल्ला!"

तीन दिवसांत त्यांनी तो शब्द उचलला होता. सगळे हसले. मीही हसले.

"नक्की ना?"

"माझा शब्द आहे."

मग मी माईकसमोर उभी राहिले. घरच्या माणसाचे आभार मानायचे नसतात, तरी रीत म्हणून मानते, असं सुरू केलं आणि उपकेंद्रावर आले तेव्हा माझे डोळे खरंच भरून आले. आपल्या एवढ्याशा गावाचं नाव दोह्यात माईकवरून घ्यायला मिळालं, याचाच मला केवढा आनंद! कोणीतरी फोटो काढला.

त्याच दुपारी कार्ड घालून घरी फोन लावला. फोन आईने घेतला. मी सांगितलं, आता काळजी नको.

"त्याला कुलूप आहे गो," आई म्हणाली. "पायरीवर शेळ्या बसतात. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात."

"तुला काही माहीत नसतं. ऑर्डर निघालीय. मी स्वतः विचारलंय."

मग वहिनीने फोन घेतला. "वन्सं, तुम्ही नर्स आहात. मी जाऊ की राहू?"

"राहा," मी म्हटलं.

वॉर्डात नव्या आलेल्या मुलींना मी एका गोष्टीवरून फार बोलत असे. औषध पेशंटच्या पोटात गेल्याशिवाय चार्टवर सही करायची नाही. डॉक्टरांनी लिहिलंय, फार्मसीतून निघालंय, ट्रेमध्ये ठेवलंय, हे मला सांगायचं नाही. दिलं का, एवढंच सांगा. एकीला तर मी यावरून रडवलं होतं. आणि घरच्या बाईच्या बाळंतपणाला मी निघालेल्या ऑर्डरवर सही करून बसले. पुढच्या महिन्यात विचारलं, "सिस्टर आली?" आई म्हणाली, "येतेय म्हणतात." तेव्हाही माझ्या तोंडून 'जा' निघालं नाही. आईपुढे खोटं पडायचं नव्हतं, दुसरं काही नाही.

वहिनीला भर दुपारी कळा सुरू झाल्या. उपकेंद्राला कुलूप, खाडीला ओहोटी. भावाने जीप मिळवून डोंगराच्या वळशाने नेलं. बाळ वाटेतच गेलं. मुलगी होती. वहिनी वाचली. भावाचा फोन वॉर्डात आला. एवढंच सांगून त्याने ठेवला, मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

वर्षभराने रजेवर गेले. खिडकीत नवा कार्य अहवाल पडला होता. त्यात मी होते, माईक हातात धरून, डोळे भरलेले. खाली छापलं होतं, उपकेंद्राबद्दल कतारमधून आभार. मी पुस्तिका पालथी ठेवत होते तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली.

"फोटो चांगला आलाय हो वन्सं तुमचा."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. टोमणा नव्हता. मला राहवलं नाही. म्हटलं, "वहिनी, मी तुला जा म्हणायला हवं होतं. चूक माझी."

तिने कप माझ्यासमोर ठेवला.

"तुमची कशी? तुम्ही तिकडे होता, तुम्हाला सांगितलं ते तुम्ही सांगितलंत. मी पाण्याला जाता-येता रोज ते कुलूप बघत होते. तरी तुमचं ऐकलं."