आदल्या दिवशीची बातमी

“बाई, ही साडी नको. घरात जुनी असेल ना एखादी? ती नेसून या.”

आमच्या मॅडम हे ज्या बाईला म्हणाल्या, ती माझी माय होती. मॅडमना ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी चार हात अंतरावर बॅनरची काठी धरून उभी होते आणि तोंडातून एक शब्द काढला नाही.

मायनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मग ती घरात गेली आणि धान कापायला जाताना नेसते ते लुगडं नेसून बाहेर आली. खांद्यावर पार विरलेलं. मॅडम म्हणाल्या, “हां, आता बरोबर.”

सुरुवातीपासून सांगते. नाहीतर सगळा दोष मॅडमवर टाकून मी मोकळी होईन. तसं नाही ते.

गोंदियात मुलींचं कॉलेज होतं, महिला विद्यापीठाशी जोडलेलं. मी तिथं बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. वसतिगृहात राहायची. गाव अर्जुनी मोरगावच्या अलीकडे, तलावाच्या पाळीला लागून. तिथल्या बौद्ध मोहल्ल्यातून कॉलेजात गेलेली मी पहिली पोरगी. बाबा गोंदियातच राइस मिलमध्ये पोती उचलायचे, पंधरा दिवसांतून एकदा गावी जायचे. माय गावात लोकांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी-कापणी करायची.

कॉलेजात शिरलं की डाव्या हाताला एक काळा फळा होता. वर पांढऱ्या रंगात ‘महाविद्यालय वार्ता’. कोणाचं व्याख्यान झालं, रांगोळीत कोणाला बक्षीस मिळालं, कोणत्या प्राध्यापिका पीएच.डी. झाल्या, सगळं त्यावर यायचं. लिहायची मी, कारण माझं अक्षर चांगलं. वर्गात माझ्या बाकावर बसायला पोरी का-कू करायच्या. पण फळ्यापुढे त्याच पोरी माना वर करून उभ्या राहायच्या. खरं सांगते, मला त्याचा माज होता.

आमच्याकडे एक रीत होती. बातमी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच लिहायची. वार्ताहराला कागद चारच्या आत पाहिजे असायचा आणि रविवारी वार्ताहर भेटायचा नाही. म्हणून कॉलेजच्या बातम्या आणि सेवा योजना बघणाऱ्या आमच्या मॅडम आधीच मजकूर सांगायच्या आणि मी कार्बन घालून तीन प्रती काढायची. एक वार्ताहराला, एक फायलीत, एक फळ्यासाठी. झाड लागायच्या आधीच ‘वृक्षारोपण उत्साहात संपन्न’. एकदा पाहुण्या बाई तापानं फणफणल्या, आल्याच नाहीत, तरी त्यांचं ‘मोलाचं मार्गदर्शन’ पेपरात छापून आलं. आम्ही पोट धरून हसलो होतो. कोणाचं काय बिघडत होतं त्यात? आमचं तर काहीच नाही, असंच वाटायचं.

त्या हिवाळ्यात सेवा योजनेचं शिबिर ठरलं. मॅडम मला म्हणाल्या, “तुझ्या गावात तुमचा मोहल्ला आहे ना? तुमच्या लोकांत दहा गरजू बायका सहज मिळतील.”

‘तुमच्या लोकांत’ हे मला आज ऐकू येतं. तेव्हा मला एवढंच ऐकू आलं की मॅडम माझ्या गावाला येणार. मी लगेच हो म्हटलं. बाबांबरोबर मायला निरोप धाडला, माझ्या मॅडम येऊन राहिल्या, घर सारवून ठेव.

शनिवारी स्टाफरूममध्ये मॅडम सांगत होत्या, मी लिहीत होते. ‘अंगावर धड वस्त्र नसलेल्या दहा निराधार महिलांना साड्यांचे वाटप.’ पुढे त्या म्हणाल्या, ‘महिलांचे डोळे पाणावले.’ मी पेन थांबवलं. म्हटलं, मॅडम, ‘अश्रू अनावर झाले’ जास्त चांगलं वाटेल.

“वा! तुला भाषा आहे हं.”

मोठी शहाणी मी! तो अख्खा दिवस माझे पाय जमिनीला लागले नाहीत.

रविवारी आम्ही मेटॅडोरनं गेलो. पोरी वाटभर गाणी म्हणत होत्या. मोहल्ल्यात विहारापुढे सतरंजी घातली होती आणि अंगणवाडीच्या बाईनं बायका गोळा करून बसवल्या होत्या. मॅडमनी मोजल्या. नऊ. दहावी कापणीला गेली होती, पाटलानं तिला बांधीतून सोडलंच नव्हतं.

“दहा पाहिजेत हो,” मॅडम म्हणाल्या. “बातमी दहाची गेलीय.”

तेवढ्यात माय समोरून आली. सकाळपासून तिनं लाखोरीच्या डाळीचे वडे केले होते, तांदळाच्या पिठाचे आयते, म्हणजे धिरडी, केली होती. जयंतीला नेसते ती पांढरी, निळ्या काठाची साडी नेसली होती. डोक्याला तेल लावलं होतं. हात जोडून, हसत, ती थेट मॅडमपुढे उभी राहिली.

“या न मॅडम. मी...”

“तुम्ही इथं बसा बाई,” मॅडम म्हणाल्या. “दहाव्या तुम्ही.”

मग तिच्या साडीकडे त्यांचं लक्ष गेलं. पुढचं मी सांगितलंच आहे.

विरलेलं लुगडं नेसून माय रांगेत जाऊन बसली. शेजारच्या काकीला राहवलं नाही. ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, “अवो, पन हे तं...” मायनं तिचा हात दाबला. काकी गप झाली. नऊच्या नऊ बायका माझ्याकडे बघत होत्या. मायनं ठरवलं होतं, ही पोरगी मला ओळखत नाही तर मी तिला ओळखत नाही. चारचौघींत पोरीची फजिती नको. तासभर ती माझ्यासमोर बसली, आणि माझी कोणीच नसल्यासारखी बसली.

फोटोवाला गोंदियाचा. “माताजी, मुंडी थोडी नीचे. हाँ. थोडा रोने जैसा कीजिए.”

मायला रडू आलं नाही. मलाच आलं. बॅनरच्या दुसऱ्या टोकाला माझी खोलीतली मैत्रीण वर्षा होती, पोवारांची, तिच्या घरी मोठी शेती. ती म्हणाली, “काऊन वो, काय झालं?”

“धूळ गेली,” मी म्हटलं.

साड्या वाटून झाल्या. अंगणवाडीच्या बाईनं चहाचं विचारलं तर मॅडम म्हणाल्या, नको, उशीर होतोय. आम्ही निघालो. मायनं केलेलं कोणाच्या तोंडाला लागलं नाही. तिनं ते कोणाला सांगितलंही नाही. मी मेटॅडोरमध्ये मागच्या बाकावर बसले आणि गाव सरेपर्यंत मान वर केली नाही.

मंगळवारी पेपरात फोटो आला. माय अगदी मधोमध. कात्रण फळ्याच्या कडेला चिकटवलं गेलं आणि खाली माझ्याच अक्षरात मजकूर. पोरी जमल्या. एक म्हणाली, बिचारी. वर्षानं जवळ जाऊन पाहिलं आणि मला म्हणाली, “ही मधली बाई तुझ्यासारखी दिसते, नाही?”

मी म्हटलं, “आमच्याकडच्या साऱ्या सारख्याच दिसतात.”

हे मी म्हटलं. कोणी म्हणायला लावलं नव्हतं. माझी जीभ, माझा आवाज. लाज वाटते म्हणून सांगत नाही असं करणार नाही मी. त्या रविवारी भीतीनं गप्प होते असं एक वेळ म्हणता येईल. मंगळवारी तर कोणाची भीतीही नव्हती, तरी मी मायला नाकारलं.

दोन दिवसांनी बाबा वसतिगृहाच्या फाटकापाशी आले. अंगावर मिलचा कोंडा तसाच. हातात घडी घातलेला पेपर. मिलमध्ये कोणीतरी वाचून दाखवला होता, हसत.

“मी मेलो का वो?” बाबा म्हणाले.

त्यांनी पेपर उघडून फोटोवर बोट ठेवलं.

“तुह्या मायले निराधार लिवलं. मी हाव न? कोनं लिवलं हे?”

“कॉलेजनं.”

“कॉलेजले हात असते का?”

मी पायातल्या चपलेकडे बघत राहिले. बाबांनी आणखी विचारलं नाही. पेपर माझ्या हातात दिला आणि ते ड्यूटीवर गेले. एवढा दणकट माणूस, मिलमध्ये लोक त्याचं नाव घेतात, आणि त्या दिवशी तो फाटकातून जाताना पाय ओढत गेला. मला वाटलं धावत जाऊन सांगावं, बाबा, हात माझाच होता. नाही गेले. माझ्यात तेवढाही दम नव्हता.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी बोलावलं. आमचं शिबिर विद्यापीठाच्या वार्तापत्रात येणार होतं. ते साऱ्या कॉलेजांत जायचं, ग्रंथालयात बांधून ठेवलं जायचं. मॅडम खुशीत होत्या. म्हणाल्या, “हीच बातमी सुवाच्य उतरवून दे. फोटोखाली फक्त ‘लाभार्थी महिला’ टाक.”

मी कागद घेतला. पेनाचं टोपण काढलं. आणि हात चालेना. कसं सांगू? पेन कागदावर टेकवलेलं, शाईचा ठिपका मोठा होत चाललेला, आणि मी बघत बसलेली. तेव्हा मला समजलं की हे एकदा बांधून ठेवलं की माझी माय कायमची निराधार. पन्नास वर्षांनी कोणी उघडेल तरी निराधार. आणि तसं लिहिणारी तिची पोरगी.

“मॅडम, मी नाही लिहीत.”

“का? बरं नाही का?”

“दहावी बाई माझी माय आहे. तिला नवरा आहे. घर आहे. धड साडी होती, ती तुम्ही बदलायला लावली. आणि ही बातमी शनिवारची आहे. मी लिहिली होती. अश्रू अनावर मीच घातलं. ती रडलीच नाही.”

स्टाफरूममध्ये चार-पाच जणी होत्या. सगळ्यांचे चहाचे कप हातातच राहिले.

मॅडमचा चेहरा उतरला, क्षणभरच. मग त्या म्हणाल्या, “मग तेव्हा का नाही बोललीस?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. त्यांना ते बरोबर कळलं. त्यांचा आवाज चढला. म्हणाल्या, कॉलेजची बदनामी करतेस? एवढं केलं तुमच्यासाठी, आणि हे? उद्धट बोलल्याबद्दल माफी लिहून दे, आणि पालकांना घेऊन ये, नाहीतर वसतिगृह सोड.

मी म्हटलं, बातमी दुरुस्त करा, मग लिहिते. त्या म्हणाल्या, “छापलेलं कधी दुरुस्त होतं का?”

बाबांना सुट्टी मिळेना. सकाळच्या गाडीनं माय आली. मी तिला स्टेशनवर घ्यायला गेले आणि तिथंच बाकावर सगळं सांगितलं. बातमी मी लिहिली, शब्द मी सुचवले, वर्षाला काय म्हटलं तेही. वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं बाकावरची पिशवी उचलली. मग म्हणाली, “चाल. उशीर होऊन राहिला.”

स्टाफरूममध्ये शिरलो तर मॅडम उठून उभ्या राहिल्या. “या ताई, बसा.” खुर्ची पुढे केली. पाणी मागवलं. मुलगी हुशार आहे, पण डोक्यात काहीतरी घेते, असं समजावून सांगू लागल्या. तासभर समोर बसवून, मान खाली घालायला लावून फोटो काढला होता, आणि दहावी माझी माय आहे हे सांगूनही मॅडमनी तिचा चेहरा ओळखला नाही.

“मॅडम,” मी म्हटलं, “ह्या दहाव्या.”

मॅडमनी मायकडे बघितलं, मग टेबलाकडे. कोरा कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, “झालं गेलं. दोन ओळी लिही आणि विषय संपव.”

मायनं माझा दंड धरला. आता ती मॅडमसमोर, सगळ्यांसमोर, मला विनवायला लागली.

“लिवून दे न वो पोरी. दोन ओळींनं काय होते? घरी बसशीन तं माह्यासंग धान कापाले जाशीन. माह्यासाठी लिव.”

ती रडत होती. फोटोसाठी आले नव्हते ते अश्रू आता आले. तिला माझं शिक्षण वाचवायचं होतं, तिला दुसरं काही नको होतं. मॅडमपुढे मी काय होते? काहीच नव्हते. वसतिगृह त्यांचं, मार्क त्यांच्या हातात, कागद त्यांचा.

मी कागद परत सरकवला.

त्याच दिवशी पेटी उचलली. वर्षानं एक कडी धरली, स्टेशनपर्यंत आली. पुढे दीड वर्ष मी अर्जुनीहून रोज गाडीनं जाऊन-येऊन बी.ए. केलं. फळा दुसऱ्या मुलीकडे गेला. बातमी तिनं उतरवली. वार्तापत्र निघालं. ‘दहा निराधार महिला’, आणि मधोमध माझी माय. मी काही थांबवू शकले नाही. एक शब्द बदलू शकले नाही.

आता मी शाळेत शिकवते. दरवर्षी विद्यापीठाला अर्ज करते. त्यात दहाही बायकांची नावं लिहिते, कोण काय काम करते ते लिहिते आणि मागते, त्या अंकाची दुरुस्ती छापा. माझ्या हातून काय झालं तेही पहिल्या ओळीत लिहिते. सात अर्ज झाले. पोच येते, उत्तर येत नाही.

माय म्हणते, “सोड न आता. कोन वाचते ते?”

तिला आधीच सांगून ठेवलं आहे. ज्या दिवशी तोंड उघडायला पाहिजे होतं त्या दिवशी मी तुला सोडलं. आता नाही सोडत.