तिसऱ्या गिअरला गाणारी गाडी

मंडळी, अण्णांच्या जुन्या पिकअपचा गिअरबॉक्स आज सातपूरला खोलून नीट करून आणला. तिसऱ्या गिअरला तो भयंकर घुमायचा. अण्णा म्हणायचे, "गातेय ती." फुलं विकून ते मार्केटमधून परतायचे, तेव्हा वळणावरच तो आवाज ऐकून आई चहा टाकायची.

अण्णा गेल्यापासून गाडी उभीच होती. झिजलेलं बेअरिंग बदलल्यावर आज अगदी लोण्यासारखी चालली. मी ऐटीत घरी आलो.

आई अंगणात लसूण सोलत होती. गाडी दारात थांबल्यावर तिनं मान वर केली. "आलास होय? कळलंच नाही."

जुनं बेअरिंग दाखवलं, तर तिनं ते बोटानं फिरवून कानाशी नेलं.

"हे परत बसवतील का रे?"

आता मेकॅनिकला हे कुठल्या तोंडानं सांगू, तुम्हीच सांगा.